प्लास्टरची आडवी बाई

“बाई आडवीच राहणार का साहेब, का कधी उठून बसन?”

गवंडी नव्या हॉलच्या मधोमध उकिडवा बसून टेपनं फरशी मोजत होता. त्यानं मूर्ती अजून पाहिली नव्हती. आमचे सर हसले.

“आडवीच राहणार. इतकी वर्षं उठली नाही, आता काय उठते?”

“मंग ओटा लांब घ्या लागते.”

“लांब घ्या. आणि पक्का घ्या. एकदा बसवली का पुन्हा हलवाची नाही. हलवून हलवून बोटं तुटली तिची.”

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर काखेत चित्र टेकवायचे दोन इझल घेऊन उभी होते. आमचं चित्रकलेचं कॉलेज यवतमाळमधल्याच जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत चाललं होतं आणि आम्ही शेवटच्या वर्षाची मुलं सामान वाहत होतो. तो ओटा चुकणार आहे हे मला माहीत होतं. ती मूर्ती झोपलेल्या बाईची नव्हतीच. ती उभी होती. गुडघ्याखाली पाय तुटल्यावर कोणीतरी कधीतरी तिला बाकावर आडवं ठेवलं असणार, आणि पुढच्या सगळ्यांनी ती आडवी म्हणूनच पाहिली. आमच्या टाइमटेबलमध्ये तिच्या तासाला ‘रिक्लायनिंग फिगर’, म्हणजे पहुडलेली आकृती, असं नाव होतं. सर स्वतः याच कॉलेजात शिकले, तेव्हा त्यांनीही ती आडवीच काढली होती. ते आता रिटायर होणार होते आणि जाण्याआधी तिला कायमची जागा करून द्यायची, एवढी एकच गोष्ट त्यांनी कॉलेजकडे मागितली होती.

मी इझल भिंतीला टेकवले आणि दुसरे आणायला परत गेले. बोलायचं होतं, पण मी बोलणारी नव्हते.

मी बोरी अरबची. शाळा इंग्लिश मीडियमची, रोज व्हॅननं दारव्ह्याला. तिथे मराठी बोललं की उभं करायचे, त्यामुळे पहिलीपासून मला गप्प बसण्याचीच जास्त सवय. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं आणि मी घाबरून उत्तर इंग्रजीत दिलं. वर्ग हसला. वाईट हसला नाही, पण ‘मॅडम’ हे नाव मला तेव्हापासून चिकटलं. मग मी ठरवूनच टाकलं की हातानं करता येईल ते हातानं करायचं.

त्यामुळे ती खोली मला फार आवडायची. जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या असलेली. मधल्या बाकावर रेतीच्या पोत्यांना टेकवून ती ठेवलेली असायची, खऱ्या बाईपेक्षा थोडी लहान. एक हात कोपरात दुमडून डोक्यावरून मागे गेलेला, दुसरा मांडीवरून घसरणारं वस्त्र धरणारा. बाकी अंगावर काही नाही. तिच्यावर निळ्या फुलांची एक चादर असायची. सकाळी जो पहिला येईल त्यानं ती काढून घडी करायची, शेवटी जाणाऱ्यानं पुन्हा पांघरायची. आणि सरांचा एक नियम होता: या खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही. “झोपलेल्या माणसाजवळ आपण घरी बोलतो का मोठ्यानं?” ते दरवर्षी पहिल्या दिवशी विचारत. पोरं खुसखुसत, एकमेकांना कोपर मारत, आणि मग त्या हळू बोलण्यातच त्यांचं खुसखुसणं विरून जाई. महिन्याभरात तर ती नागडी आहे हे कोणाच्या लक्षातही राहत नसे. उरायची फक्त एक वळणाची रेघ, बगलेपासून कमरेपर्यंत उतरणारी आणि पुन्हा चढणारी. ती काही केल्या जमत नसे.

आमच्याकडे लाइफ ड्रॉइंगला माणसं मिळायची ती कपड्यांतली. बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या, एसटी स्टँडवरचे रिकामे आजोबा. तेही बसलेले. आडवं व्हा म्हटलं तर आजोबासुद्धा लाजायचे. चारचौघांत आडवं होणं म्हणजे एक तर आजारी असणं, नाही तर प्यालेलं असणं. त्यामुळे आडव्या देहाचं सगळं शिक्षण या एका प्लास्टरच्या बाईवर होतं. सर त्यासोबत स्लाइड दाखवत. युरोपातल्या चित्रकारांनी गाद्यांवर, गवतावर, ढगांवर निजवलेल्या बायका. आपल्याकडचा शेषशायी. अजिंठ्याला सहल गेली तेव्हा त्यांनी आम्हांला निजलेल्या बुद्धापुढे नेऊन उभं केलं आणि तोंड न बघता उशी बघायला सांगितलं. डोक्याखाली दगडाची उशी दबलेली होती. “बघा,” सर हळूच म्हणाले, तिथेही हळूच. “दगडाले वजन समजलं. तुमच्या कागदाले कधी समजन?”

वजन कुठे आहे, हा त्यांचा कायमचा प्रश्न. आणि माझ्या चित्रात ते कधीच नसायचं.

आम्ही ज्या बुटक्या बाकांवर बसून चित्र काढतो त्यांना डाँकी म्हणतात. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि समोर बोर्ड टेकवायचा. सर मागून येत, माझ्या खांद्यावरून बघत, आणि म्हणत, “रेघ छान आहे. पण तुझी बाई बाकावर टेकली कुठे? तरंगून राह्यली.” मग खिशातला मळका रुमाल काढून माझा कोळसा हलकेच पुसत आणि तिच्या पाठीखाली स्वतःच्या बोटानं अंधार भरत. तो अंधार भरला की चित्र लगेच खरं वाटायचं. ते पुढे गेले की मी पुन्हा मूर्तीकडे बघायची, आणि मला तो अंधार तिथे दिसायचा नाही. मला वाटायचं माझ्या नजरेतच काहीतरी कमी आहे.

म्हणून मी घरी आईला काढायला लागले.

आई दुपारी जेवण आटोपल्यावर मधल्या खोलीत फरशीवर पंख्याखाली पडते. उशी नाही, हाताचीच उशी. पण तिचं चित्र काढणं सोपं नव्हतं. बाहेर गाडीचा आवाज आला की ती उठून बसलेली असायची. फाटकाची कडी वाजेपर्यंत पदर नीट, केस नीट, आणि चेहऱ्यावर असं काही की ही बाई सकाळपासून पाठ टेकली नाही. काका येवोत, सिलिंडरवाला येवो, शेजारची बाई वाटी मागायला येवो. बाबांसाठीसुद्धा ती उठायची. मी तिला आयुष्यात तासभर सलग आडवं पाहिलं नव्हतं हे मला तिला काढायला बसल्यावर कळलं. मग मी तुकड्यातुकड्यांनी काढायचे. एका दुपारी खांदा, एका दुपारी पाऊल.

“काय पाहून राह्यली वं?” तिनं एकदा डोळे न उघडताच विचारलं.

“पोट.”

“पोट काय पाहतं? तुम्ही दोघं भावंडं राह्यले त्यात, आता काय उरलं.”

“हलू नकोस ना.”

“मी कुठं हलतो,” ती म्हणाली आणि थोडा वेळ खरंच हलली नाही. मग म्हणाली, “तुह्या कॉलेजातली बाई तर उठतच नाही म्हणतं. बरं आहे तिचं.”

माझी चित्रं तिनं पहिल्या वर्षी पलंगाखाली झाडताना पाहिली होती. मी घाबरले होते. ती एवढंच म्हणाली होती, “अंगावर काई नाही हिच्या, थंडी वाजत असन,” आणि कागद फिरून नीट ठेवले होते, कोपरे न दुमडता. काकूंनी विचारलं तेव्हा मात्र तिनं ‘देवीच्या मूर्त्या काढते’ असं सांगितलं, आणि मीही ते तसंच राहू दिलं.

आईच्या अंगावर मी वजन शिकले. झोपलेल्या माणसाचं सगळं खाली जातं. पोट एका बाजूला उतरतं, छाती उतरते, खालचा गाल वर सरकून डोळा बारीक होतो, पाऊल आपोआप बाहेर कलतं. वेणी खांद्यावरून निघते ती सरळ फरशीवर येते. साडीच्या निऱ्या पायांकडे जात नाहीत, जमिनीकडे जातात. मला फार आनंद झाला. वाटलं, आता सरांना दाखवते टेकलेली बाई.

मी मोठा कागद घेतला. बाकीचे सामान बांधण्यात होते, खोलीत मी आणि माझी मैत्रीण, एवढ्याच. मैत्रीण दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरची, फोनवर याडीशी, म्हणजे आईशी, गोर बोलीत भांडणारी आणि माझ्याशी वऱ्हाडीत. वर्गात मी फक्त तिच्याशी मोकळी बोलायची. मी आईवर जे शिकले ते मूर्तीत शोधायला लागले आणि मला सापडेना. पोट कुठेच उतरलेलं नव्हतं. खांद्यावरची बट मानेपासून निघून छातीवरून पायांकडे गेली होती, बाकाकडे नाही. मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्या सगळ्या पायांच्या दिशेनं. एवढी वर्षं मी त्या चुण्या मोजूनमापून काढल्या होत्या आणि त्या कुठे पडतात हे एकदाही बघितलं नव्हतं.

चित्र पूर्ण झालं असं वाटलं की बोर्ड उलटा करून अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी बघायचं, ही सरांची शिकवण. उलट्या चित्रात चूक लपत नाही. माझा बोर्ड लांबट होता आणि दोन्ही बाजूंना खोक्यांची गर्दी, त्यामुळे तो पूर्ण उलटा करता येईना. मी तो आखूड बाजूवर उभा करून भिंतीला टेकवला आणि मागे सरकले.

ती उभी होती. एका पायावर भार, त्या बाजूची कंबर वर, दुसरा गुडघा सैल, हात डोक्यावरून मागे घेऊन कोणाची तरी वाट बघावी तशी. बट खाली पडली, वस्त्र खाली घसरलं, पोट जिथे असायला हवं तिथे होतं. वजन कुठे आहे ते पहिल्यांदा दिसलं. ते तुटलेल्या पायांत होतं. मी बाकाजवळ जाऊन गुडघ्यांची तुटलेली जागा बघितली. एका गुडघ्यातून गंजलेल्या सळईचं टोक बाहेर आलेलं होतं, सरळ खाली जाणारं. ते आम्ही रोज बघायचो. दुरुस्तीची सळई, असं सगळे म्हणायचे.

मी मैत्रिणीला हाक मारली आणि बोर्डाकडे बोट दाखवलं. तिला वेळ लागला नाही.

“अगं माय,” ती म्हणाली. “ही तर उभी हाये.”

“हळू बोल.”

“आता कायले हळू? झोपली कुठं हाये ती?”

त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर तिनं मला पटवण्यासाठी, म्हणजे स्वतःला पटवण्यासाठी, फलाटावर तसंच उभं राहून दाखवलं. एका पायावर भार, कंबर बाहेर, हात डोक्यामागे. राळेगावच्या गाडीची वाट बघणारा एक माणूस तोंडातला तंबाखूचा खर्रा चघळायचा थांबला. “कंबर दुखते का बाई?” त्याच्या बायकोनं काळजीनं विचारलं. मैत्रीण म्हणाली, “नाई काकू, मूर्ती बनून राह्यली.” मला हसू आवरेना. मग बोरीची गाडी लागली आणि ती गंभीर झाली.

“सरले सांग उद्या.”

“तू सांग.”

“मी काहून? चित्र तुहं, पाह्यलं तू. मी सांगतलं तर सर म्हणतीन पोरगी मजाक करून राह्यली. तुहं खरं मानतीन. तू बोलतच नाई न कधी.”

हे तिनं कौतुकानं म्हटलं, पण मला रात्रभर ते टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते भिंतीवरचं एक फ्रेम केलेलं चित्र काढून टेबलावर ठेवून रुमालानं काच पुसत होते. त्यांनी विद्यार्थी असताना काढलेली तीच आडवी. कागद पिवळा पडला होता. मी ते चित्र कित्येकदा पाहिलं होतं, पण तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पाठीखाली दाट, मऊ अंधार. बाई बाकात अशी रुतलेली की बघणाऱ्यालाही झोप यावी. बट त्यांनी पुसट करून टाकली होती. चुण्या थोड्या बाकाकडे वळवल्या होत्या. बघून काढलेलं ते चित्र नव्हतं. पण त्या बाईला इतका खरा आराम कोणी दिला नसेल.

“आमच्या घरी म्हणत होते, चित्र काढून पोट भरते का,” सर काच पुसत म्हणाले. “बाबा कॉलेजात मला घ्यायला आले होते. परत न्यायला. हे चित्र इझलवर होतं. ते किती तरी वेळ पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता नागडी बाई काढतो म्हणून मारतात. तर मला म्हणाले, ‘दमली असन रे.’ आणि गेले एकटेच.” ते हसले. “हिच्यामुळे मास्तर झालो मी. बोल, काही काम होतं?”

मी म्हटलं, “सर, तुमचा चहा झाला का?”

“झाला. तुझा?”

“झाला.”

बाहेर मैत्रीण उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं कपाळावर हात मारला.

त्यानंतर मी गवंड्याचं आणि सरांचं ते बोलणं ऐकलं, आणि मग ओटा वर येताना रोज बघितला. विटा लागल्या, वर गुळगुळीत गिलावा झाला. लांब, निजण्याजोगा. मी मनात वाक्य तयार करायची. आधी इंग्रजीत सुचायचं, मग त्याचं मराठी करताना ते उद्धट वाटायला लागायचं. असंही वाटलं की गप्प राहावं. कोणाचं काय बिघडलं? या आडवीवर पोरं रेघ शिकली, छाया शिकली, कपड्यांशिवायच्या देहाकडे निवांत बघायला शिकली. आमच्या जिल्ह्यात ते दुसरीकडे कुठे शिकली असती? आणि सरांना जाता जाता सांगायचं, की तुम्ही आयुष्यभर दिलेलं ते वजन तिथे नव्हतं? पण लगेच मला ती पक्क्या ओट्यावर, पाठीखाली घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये दिसायची, आणि पुढची एखादी मुलगी डाँकीवर बसून आपल्याच नजरेत खोट शोधणारी दिसायची. सरच तर सांगायचे, दिसतं ते काढा. मला जे दिसलं ते मी त्यांना न सांगता त्यांचा निरोप समारंभ कसा करणार होते?

बसवायच्या दिवशी सकाळी तिला निळ्या चादरीतच गुंडाळून आणलं. दोन वर्गमित्र मध्ये, सर गुडघ्यांकडे, आणि सरांनी मला डोक्याकडे धरायला सांगितलं. “हिचा हात हलका आहे,” ते गवंड्याला म्हणाले. मैत्रीण दाराशी उभी होती आणि माझ्याकडे असं बघत होती की मी तिच्याकडे बघायचं टाळलं. हॉलच्या उंच खिडक्यांमधून भरपूर उजेड होता. सर त्याही हॉलमध्ये हळूच बोलत होते आणि त्यामुळे गवंडीही हळूच बोलायला लागला होता.

“सावकाश. पायऱ्या आहेत.”

“मोठी जड हाये हो बाई. जेवते काय?”

“जेवत नाही म्हणूनच टिकली इतकी.”

गवंड्यानं ओट्यावर प्लास्टर कालवून पसरलं, जाड गादीसारखं. “आता लवकर ठेवा साहेब. घट्ट होते हे.”

आम्ही तिला ओट्याच्या वर आणलं. चादर बाजूला झाली. माझे दोन्ही तळहात तिच्या पाठीखाली होते. या बाजूनं मी तिला कधी हात लावला नव्हता, कोणीच लावला नसेल, तिथे नेहमी पोती असायची. पाठ अगदी पूर्ण होती. कण्याची खोल रेघ, दोन्ही खांद्यांचे खवाटे, एक थोडा वर, कमरेवरच्या दोन खळ्या, सगळं कोणीतरी मन लावून केलेलं. चारी बाजूंनी फिरून बघण्यासाठी केलेलं. ते सगळं आता त्या ओल्या प्लास्टरमध्ये जाणार होतं.

समोर, तिच्या तुटक्या गुडघ्यांपलीकडे, सरांचा चेहरा होता. घाम आलेला, चष्मा नाकावर उतरलेला, आणि इतका सुखी की मला बघवेना.

“ठेवा,” सर म्हणाले. “हळूच.”

सगळ्यांनी हात खाली न्यायला सुरुवात केली. माझे गेले नाहीत. डोक्याची बाजू वरच राहिली, मूर्ती तिरपी झाली आणि एक वर्गमित्र ओरडला, “मॅडम, खाली घे न.” सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. त्यांना वाटलं मला पेलवत नाही.

“जड होते का बेटा?”

“नाही सर,” मी म्हटलं. माझा आवाज त्या रिकाम्या हॉलमध्ये मलाच अनोळखी वाटावा इतका मोठा आला. “तिला झोपवू नका. ती उभी आहे, सर. तुम्ही शिकवलं तसा बोर्ड फिरवून बघितला मी. वजन पायांत आहे तिचं.”